बाविसावा सेकंद

मित्रांनो, तुमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ सतत चालत असतं, कोणी बघो न बघो. माझं तसं नाही. कोणीतरी बोट टेकवलं की मी चालू लागतो, पुन्हा टेकवलं की थांबतो. जुनं, चावीचं स्टॉपवॉच आहे मी. अंगावरचा मुलामा उडालाय, काचेला कडेने तडा गेलाय आणि माझा काटा तीसचा आकडा ओलांडताना किंचित अडखळतो. मी चाललो ते सगळे सेकंद एकापुढे एक मांडले, तर फार तर दोन महिने भरतील. बाकीची वर्षं मी थांबून काढली आहेत.

थांबलेलं घड्याळ काय करतं, असं तुम्ही विचाराल. ते स्वप्नं बघतं. आजूबाजूचं बोलणं त्याच्या कानावर पडत राहतं, पण पाण्याखालून ऐकल्यासारखं, आणि मग त्या बोलण्याचीच स्वप्नं होतात. त्यामुळे मी आता सांगणार आहे त्यातलं थोडं जागेपणी पाहिलेलं आहे आणि थोडं झोपेत ऐकलेलं. पदरचं मात्र काही घातलेलं नाही.

माझा जन्म एका लांबट खोलीत, खिडकीखालच्या टेबलावर झाला. एका पोक्त कारागीर बाईंनी चिमट्याने माझी केसाएवढी बारीक स्प्रिंग बसवली. ती बसवताना त्यांनी श्वास रोखून धरला होता. माझी पहिली टिकटिक ऐकू आल्यावरच त्यांनी तो सोडला. त्या श्वासाची ऊब मला अजून आठवते. पुढची वीस वर्षं मी एका शाळेतल्या खेळाच्या मास्तरांच्या गळ्यात होतो. पोरं धापा टाकत यायची आणि आधी माझ्याकडे बघायची. काय माझा तोरा होता तेव्हा! मग आकडे दाखवणारी, बॅटरीवर चालणारी घड्याळं आली आणि मास्तरांनी मला एका लोकरी मोज्यात घालून कपाटात ठेवलं. मोज्यातली स्वप्नं उबदार होती, पण शेवटी मोजाच तो.

एका रविवारी मास्तरांची थोरली बहीण घरी आली. औषधांच्या एका छोट्या कारखान्यात ती रसायनतज्ज्ञ होती.

"तुझं ते जुनं घड्याळ आहे का रे अजून?" ती म्हणाली. "आमचं बंद पडलंय, आणि नवीन मागवायचं तर तीन साहेबांच्या सह्या लागतात."

"ने की ताई. उगाच पडून आहे."

तेव्हापासून मीही मनातल्या मनात तिला ताईच म्हणतो.

ताईच्या कारखान्यात जायला एक लांबलचक बोळ होता. त्याच्या टोकाला तिची प्रयोगशाळा. पांढऱ्या फरशा, एक मोरी, काचेच्या नळ्यांची कपाटं आणि दुपारी तीनच्या सुमारास टेबलावर येऊन बसणारं चौकोनी ऊन. त्या उन्हात औषधाची पूड तरंगत राहायची. मी तिच्याकडे बघत झोपी जायचो. काचेची भांडी धुवायला एक मावशी होत्या. शेजारच्या खोलीत गोळ्या दाबायचं यंत्र होतं आणि त्यावर काका. काकांचं त्या यंत्राशी आणि यंत्राचं काकांशी सतत काहीतरी भांडण चाललेलं असायचं.

ताईची गोळी होती जस्ताची, डॉक्टर जिला झिंक म्हणतात ती. लहान मुलाला जुलाब झाले की अंगातलं पाणी जातं, म्हणून त्याला मीठ-साखरेचं पाणी पाजतात. त्याच्या जोडीला ही गोळी रोज एक, चमचाभर स्वच्छ पाण्यात विरघळवून देतात. जुलाब लवकर आटोक्यात येतात आणि पुढचे काही महिने मूल सहसा पुन्हा त्या तडाख्यात सापडत नाही. अट एकच, गोळी पूर्ण चौदा दिवस पोटात जायला हवी. आणि तिथेच घोडं पेंड खात होतं. आरोग्य केंद्रातली नर्स एकदा मुद्दाम ताईला भेटायला आली.

"मुलं थुंकतात हो," ती म्हणाली. "आया तरी किती दिवस मागे लागणार? जुलाब थांबले की गोळीही थांबते. चव सुधारा, एवढंच मागणं आहे."

ताईने मनावर घेतलं. चमचाभर पाण्यात गोळी किती वेळात विरघळते ते मी मोजायचो, आणि चव घेतानाही मीच मोजायचो. चव घेण्याचा एक नियम होता. ताईला तो तिच्या गुरूंनी शिकवला होता आणि ती तो देवाच्या शब्दासारखा पाळायची. कागदी पेल्यातलं औषध तोंडात घ्यायचं, दहा सेकंद घोळवायचं, घड्याळ "टक" करून थांबलं की थुंकायचं, लगेच चूळ भरायची आणि वर बिस्किटाचा तुकडा खायचा. एका दुपारी सहा-सहा नमुने चाखायचे असत, जीभ थकून चालत नसे. चाखायला पाच जण बसायचे. ताई, मावशी, काका आणि गोळ्या पाकिटात भरणाऱ्या दोघी जणी. माझी टक ऐकल्याशिवाय कोणी थुंकायचं नाही अशी शिस्त होती. मला तर ते फारच आवडायचं.

अशा कितीतरी दुपारी गेल्या आणि शेवटी संत्र्याच्या वासाची एक छान गोड गोळी तयार झाली. पाचही जणांनी तिला दहापैकी नऊ गुण दिले. मावशींनी "छान आहे" म्हणून कागदावर ठळक सही केली. वरच्या साहेबांनी मान्यता दिली, गोळी गावोगावच्या केंद्रांवर गेली, ताईचं सगळीकडे कौतुक झालं. मलाही तिने हिरव्या मखमलीच्या तुकड्यावर ठेवलं. मी मखमलीवर मोठी गोड स्वप्नं पाहिली. सगळ्या जगातली मुलं चमचे चाटत होती.

मावशींना एक नात होती, दीड वर्षाची. तिला सगळे चिमी म्हणायचे. मावशी, त्यांची मुलगी आणि चिमी अशा तिघी एका खोलीत राहायच्या. त्या चिमीला जुलाब लागले. डॉक्टरांनी मीठ-साखरेच्या पाण्याबरोबर जी गोळी दिली ती नेमकी ताईच्या कारखान्यातली निघाली. मावशींना कोण आनंद झाला. दुसऱ्या दिवशी मोरीवर नळ्या धुता धुता त्या काकांना म्हणाल्या, "आमचीच गोळी हो! म्हटलं, आजीच्या हातची आहे, घे."

पण दोनच दिवसांत त्यांचा आवाज उतरला. पहिल्या दिवशी चिमीने गोळी घेतली आणि थोड्या वेळाने किंचाळून रडली. दुसऱ्या दिवशी थुंकली. तिसऱ्या दिवशी नुसता चमचा पाहूनच तिने ओठ असे घट्ट मिटले की बोटानेही उघडेनात. मग जुलाब थांबले आणि गोळ्या फळीवर गेल्या. पाच आठवड्यांनी पुन्हा जुलाब. या वेळी पोर अगदी निपचित झाली. डोळे खोल गेले. झबलं खांद्यावरून घसरायला लागलं.

मावशी हे सगळं काकांना सांगायच्या, पण ताईसमोर गप्प राहायच्या.

"सांगून टाका ना एकदा," काका म्हणायचे.

"कोणत्या तोंडाने सांगू? मीच तर छान म्हणून सही केली. आणि खरंच छान लागली होती हो मला. मग पोरगी का थुंकते?"

शेवटी एक दिवस त्यांना राहवलं नाही. हातातली नळी तशीच फेसात सोडून त्या ताईच्या टेबलापाशी आल्या आणि सगळं बोलून गेल्या. ताईचा चेहरा कसनुसा झाला.

"मावशी, दोनशे वेळा तरी चाखली असेल मी ती गोळी. लहान मुलं औषध बघितलं की रडतातच."

"बघून नाही रडत ताई. ती घेते, गिळते, आणि मग रडते."

मान्य करायला ताईचं मन तयार नव्हतं, पण मावशींचं बोलणं तिला लागलं होतं. तिने आणखी गोड नमुने करायला घेतले. एकाहून एक गोड.

"ताई, एवढी साखर घातलीत तर आधी मुंग्यांचे जुलाब बरे होतील," काका म्हणाले. कोणी हसलं नाही.

ती दुपार मला लख्ख आठवते, कारण त्या दुपारी मी चुकलो. पाच जण बसले, पाच पेले तोंडाला लागले, ताईने बटण दाबलं आणि मी निघालो. एक, दोन, तीन. दहाव्या सेकंदाला ताईचं बोट पुन्हा माझ्यावर आलं. बटण हललंच नाही. इतक्या वर्षांची गोड पूड त्याच्या खाचेत जाऊन घट्ट बसली होती. निदान ताईने नंतर तसं सांगितलं. माझ्या आत मला काही वेगळंच वाटत होतं. पळणाऱ्या माणसाला थांबावंसंच वाटत नाही, तसं काहीतरी. नक्की काय खरं ते मलाही सांगता येत नाही.

मित्रांनो, ती सगळी शिस्तीची माणसं. टक ऐकू आली नाही म्हणून कोणी थुंकेना! तोंडं भरलेली, त्यामुळे बोलताही येईना. ताई बटण दाबतेय, पुन्हा दाबतेय. काका गाल फुगवून माझ्याकडे डोळे वटारून बघतायत. पंधरा. अठरा. पाकिटं भरणाऱ्या दोघींना हसू फुटायच्या बेतात होतं. वीस. एकवीस.

बाविसाव्या सेकंदाला ते हसू पुसलं गेलं. एकीच्या भुवया आक्रसल्या. काकांनी डोळे मिटले. आणि मावशींचा हात आपोआप तोंडाकडे गेला. जीभ खरवडायला उचललेली बोटं तशीच हवेत थांबली. मावशी सगळ्यांच्या आधी थुंकल्या आणि स्वतःच्या बोटांकडे बघत राहिल्या.

"चिमी असंच करते," त्या म्हणाल्या. "अगदी असंच. बोटांनी जीभ ओढते."

चूळ भरायला सगळे मोरीकडे धावले. ताई गेली नाही. तोंडातलं गिळून ती खुर्चीत तशीच बसली, आणि माझा काटा पूर्ण एक फेरा फिरेपर्यंत माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. ते चवीमुळे होतं असं काकांना वाटलं. मला तसं वाटलं नाही.

"गोडी निघून जाते," ती हळूच म्हणाली. "जस्त मागून येतं, गंजक्या खिळ्यासारखं. आणि मी इतकी वर्षं सगळ्यांना दहाव्या सेकंदाला चूळ भरायला लावत होते. त्या पोरीला कोण चूळ भरायला देणार होतं, मावशी?"

मावशींनी ताईसमोर पाण्याचा पेला ठेवला.

त्या दिवसापासून नियम बदलला. दिवसाला एकच नमुना, तो गिळायचा, आणि मग दोन मिनिटं नुसतं बसायचं. ना पाणी, ना बिस्किट. माझं बटण साफ झालं होतं तरी अधूनमधून अडकायचंच, आता त्याचं कोणाला काही वाटत नव्हतं. माझ्या काट्याकडे बघून ताई वहीत लिहायची. गोडी तिसऱ्या सेकंदाला येते, पंधराव्याच्या आत पळते. जस्ताची खोड अशी की ते गोडीलाच दाबून टाकतं, म्हणून साखर वाढवून उपयोग नाही. मग ताईने साखर कमी केली. उशिरा उगवून रेंगाळणारी एक वेगळी गोडी आणली. किंचित आंबटपणा घातला. जस्ताच्या दाण्यांवर तिने असा पातळ थर चढवला, की तो पोटात गेल्यावर विरघळेल, जिभेवर नाही. तर काकांच्या यंत्राने ते दाणे दाबून दाबून फोडून टाकले. काका आठ दिवस यंत्राशी बोलत होते. आधी शिव्या, मग विनवण्या. शेवटी त्यांनी दाब इतका हलका केला की गोळी हातात धरली तरी तुटेल की काय असं वाटायचं. पण तुटली नाही.

असे महिने गेले. मधल्या वेळात चिमीला डॉक्टरांकडे नेणं-आणणं चालूच होतं. मावशी रोज नळ्या धुवायच्या आणि रोज विचारायच्या, "झाली का हो ताई?" ताई मान हलवायची. त्या दिवसांत मला स्वप्नं फार पडायची. त्यात एक मिटलेलं छोटं तोंड असायचं आणि त्याच्यासमोर मी चालत असायचो, चालतच असायचो.

एकदा एक नमुना इतका फक्कड जमला की काकांनी दोनदा मागून घेतला. पाकिटवाल्या दोघींनी दहापैकी दहा गुण दिले. ताईने तो बाजूला सारला.

"अहो, का?" काकांना राहवेना.

"खाऊ झालाय हा. डब्यातून चोरून चार-चार गोळ्या खातील पोरं. मला सहा गुणांची हवी. आवडायला नको, नावडायलाही नको. नुसती चालायला हवी."

मला तेव्हा ताईचा फार अभिमान वाटला. सहा गुणांसाठी झटणारी माणसं जगात किती असतील?

सहा गुणांची गोळी झाली, तपासली गेली, तिला रीतसर मान्यता मिळाली. पुढच्याच आठवड्यात चिमीला पुन्हा जुलाब लागले. डॉक्टरांनी तिला ही नवी गोळी लिहून दिली. मावशी मोरीवरून तशाच सांगायला आल्या. या वेळी पोरीच्या अंगात जुलाब झेपण्याइतकी ताकदही उरली नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं आणि ताईलाही.

ताईने मला मखमलीवरून उचललं आणि मावशींच्या ओल्या हातात ठेवलं. "हे घरी न्या. गोळी दिलीत की चालू करा, आणि दोन मिनिटं तिचा चेहरा बघत राहा. मला रोज येऊन सांगा."

मावशींच्या खोलीत एक खिडकी होती आणि खिडकीतून शेजारच्या छपराचा तुकडा दिसायचा. चिमी आजीच्या मांडीवर आडवी पडली होती. मावशींनी चमच्यात गोळी विरघळवली, चिमीच्या ओठांत ओतली आणि मला दाबलं. खोलीत दुसरा आवाज नव्हता. दहा गेले. वीस गेले. चिमीच्या आईने भिंतीला पाठ टेकून डोळे मिटून घेतले होते. बावीस. चिमीच्या नाकावर बारीकशी सुरकुती आली. मावशी आणखी खाली वाकल्या. सुरकुती तिथे थोडा वेळ राहिली आणि गेली. चिमी माझ्या काट्याकडे बघत होती. मी तीस ओलांडताना नेहमीसारखा अडखळलो, तेव्हा तिचे डोळेही अडखळले.

दुसऱ्या दिवशी तसंच, तिसऱ्या दिवशीही. मीठ-साखरेचं पाणी वाटी-वाटीने जात होतं. पाचव्या दिवशी जुलाब थांबले. सातव्या दिवशी चिमी आईची चप्पल ओढत खोलीभर हिंडत होती, आणि चमचा पुढे येताच तिने तोंड फिरवलं.

"राहू दे ना आई," चिमीची आई म्हणाली. "बरी झालीय ती. कशाला मागे लागतेस?"

मावशी चमचा धरून बसल्या होत्या. त्यांच्याही मनात तेच येत असणार. सहा दिवस गोळी गेलीच होती की पोटात. तरी त्या म्हणाल्या, "घे गं बाळा, गोड आहे. गोड आहे बघ."

चिमीने आजीकडे पाहिलं आणि ओठ मिटले. तेच जुने, घट्ट ओठ. मला वाटलं, संपलं सगळं.

मग मावशींनी चमच्याच्या कडेचा एक थेंब बोटावर घेतला, जिभेवर ठेवला आणि मला दाबलं. चूळ भरली नाही, पाणी प्यायल्या नाहीत. नुसत्या बसून राहिल्या. चिमी हातातली चप्पल टाकून जवळ आली आणि आजीच्या तोंडाकडे बघू लागली. दहा. वीस. बाविसाव्या सेकंदाला मावशींचं नाक किंचित आक्रसलं. त्यांनी ते लपवलं नाही.

"लागतं गं थोडं," त्या म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू? लागतं, आणि मग जातं. थांब हं. थांब. हे बघ, गेलं."

चिमीने हात वर करून आजीचे ओठ चाचपले. एकदा, दोनदा. खरंच काही उरलेलं नाही ना, ते बघत असावी. मग तिने तोंड उघडलं.

उरलेले सात दिवस आधी आजी आणि मग नात, असंच चाललं. एक थेंब आजीला, एक चमचा नातीला. चौदाव्या दिवसानंतर मावशी मला परत द्यायला गेल्या, तेव्हा ताई म्हणाली, "राहू द्या तुमच्याकडेच." तेव्हापासून मी इथे फळीवर असतो. इथल्या दुपारी लांब आहेत आणि झोप गाढ लागते. त्या मिटलेल्या तोंडाचं स्वप्न मला आता पडत नाही.

मित्रांनो, तुमच्या घरीही एखादा धाकटा भाऊ किंवा बहीण असेल. त्याला जुलाब झाले तर मोठ्यांना आठवण करून द्या, की पाणी पाजत राहायचं आणि डॉक्टरांनी सांगितलेले सगळे दिवस गोळी द्यायची, बाळ हसायला-खेळायला लागलं तरीही. आणि त्याने तोंड फिरवलं तर त्याच्यावर ओरडू नका, "गोड आहे" असंही म्हणू नका. तोंड फिरवणारं मूल खोटं बोलत नसतं. आपणच घाईघाईने चूळ भरलेली असते.